कमानीचा बुडालेला पाय

आमच्या गावच्या मशिदीची कमान बुटकी दिसते हे हाजी सैफुल्लांच्या लक्षात यायला एकसष्ट वर्षं लागली, आणि लक्षात आल्यापासून त्यांनी माझा जीव खाल्ला.

हाजी मशिदीच्या समितीचे प्रमुख, धंदा बाकलावा या मिठाईचा. शेजारच्या गावी लग्नाला गेले, तिथलं प्रवेशद्वार बघून आले आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच माझ्या दारात हजर.

"माहरुख, पोरी, वर दीड मीटर चढव. निळ्या फरशा लाव. जमलं तर दोन मिनार. आपली कमान म्हणजे मानच नसलेला माणूस वाटते."

जुन्या इमारतींची दुरुस्ती हे माझं काम. म्हटलं, "हाजीसाहेब, आधी मोजू तरी या."

रुंदी भरली चार मीटर वीस. आमच्याकडचे जुने कारागीर रुंदीएवढा चौकोन जमिनीवर आखायचे, त्याच्या कर्णाएवढी दोरी तोडायचे आणि उंबऱ्यापासून कमानीच्या टोकापर्यंत तेवढीच उंची ठेवायचे. त्या हिशेबानं उंची पाच चौऱ्याण्णव हवी होती. भरली पाच अठरा. शहात्तर सेंटिमीटर गायब.

"म्हणजे बांधणारे चुकले!" हाजी खूश.

"चुकले नाहीत. वरचे कोनाडे याच हिशेबात चोख बसतात. कमान वर कमी पडलेली नाही, खाली बुडालीय. रस्ता वर वर येत गेलाय. नाहीतर आत शिरल्याबरोबर पाच पायऱ्या उतराव्या लागतात, त्या कशासाठी?"

"नमाजाला जाणाऱ्यानं नम्रपणे खाली उतरावं म्हणून."

मी कपाळावर हात मारला.

माझे वडील, उस्ता यदुल्ला, या गावातले सगळ्यात जुने गवंडी. त्यांच्या एका शब्दावर समिती गप्प बसली असती. मी घरी गेले.

"बाबा, तुम्ही फक्त येऊन सांगा की उंबरा खाली आहे."

"गुडघे दुखतात."

"गाडीनं नेते."

"तुझा हिशेब बरोबर आहे ना? मग मी कशाला?" एवढं बोलून त्यांनी खडीसाखर तोंडात टाकली आणि चहाची बशी वर केली. चार महिने हेच चाललं. मी समितीपुढे नकाशे मांडायचे, हाजी मिनार मागायचे आणि बाबा घरी तोंडात गुळणी धरून बसायचे.

शेवटी हाजींनीच एक दिवस दिला. "शनिवारी खण. शहात्तरवर उंबरा निघाला तर मी गप्प. नाही निघाला तर मिनार."

शनिवारी दोन मजूर लावले. डांबर निघालं, मग मुरूम, मग फुटक्या विटा. अर्धं गाव बघायला जमलेलं. दुपारी पहार खणकन वाजली. मी टेप सोडली. एकाहत्तर. खाली उघडाबोडका चुन्याचा थर, दगडाचं नाव नाही.

"पाच कमी!" हाजी ओरडले. "शिवाय हा तर गिलावा आहे. उंबरा कुठाय, इंजिनियरबाई?"

मी रडायच्या बेतात होते. तेवढ्यात गर्दीतून बाबा आले, काठी टेकत, कुणी न बोलावता. खड्ड्याच्या कडेला बसले आणि म्हणाले, "तो थर काढा. तो माझा आहे."

"तुमचा?"

"तुझ्या जन्माच्या वर्षी रस्ता उचलला आणि पाणी आत यायला लागलं. हाजी तेव्हा धंद्यासाठी परगावी होते. तेव्हाच्या समितीनं सांगितलं, उंबरा वर घे. मी घेतला. माझे उस्ताद म्हणाले, कमानीचे पाय कापलेस तू. त्यानंतर ते माझ्याशी बोलले नाहीत. मूळ दगडाला भरावाचे खडे टोचू नयेत म्हणून मी वर चुना ओतला होता. तीन बोटं."

मजुरांनी हलक्या हातानं चुना फोडला. खालून पिवळसर दगड निघाला, मधोमध पावलांनी झिजलेला. मी टेप लावली. शहात्तर.

आनंद व्हायला हवा होता. झाला संताप. "बाबा, चार महिने! चार महिने मी या लोकांशी डोकं फोडत होते आणि तुम्हाला सगळं ठाऊक होतं?"

"लाज वाटत होती गं," ते दगडाकडे बघत म्हणाले. मी दगडावरची माती ओढणीनं पुसत बसले.

आता दारापुढचा भराव खणून काढलाय, पाचही पायऱ्या आतून दाराबाहेर उन्हात आल्या आहेत आणि कमान ताठ उभी आहे. मिनार टळले. पण माझी सुटका नाही. खड्ड्यात पाणी साचू नये म्हणून नाली काढायची आहे, आणि ती डावीकडून की उजवीकडून यावर हाजी आणि बाबा रोज दुपारी पायऱ्यांवर भांडतात. हाजी पाहुण्यांना कर्ण समजावून सांगतात, तोही चुकीचा.

"चौकोनाची दुप्पट!" ते परवा कुणाला तरी सांगत होते.

"दुप्पट नाही हो, हाजी! दोरी आणा, दाखवतो," बाबा खेकसले.

मी नालीचा नकाशा तिसऱ्यांदा गुंडाळला आणि घरी निघून आले.