सज्जातल्या टाळ्या

विधानभवनाच्या तळमजल्यावर, केस कापण्याच्या खोलीला लागूनच, आमदारांसाठी फुकट दवाखाना होता. राज्यातला एक डॉक्टर रोज तिथे सेवेला येई. सभागृह त्याचं टाळ्यांनी स्वागत करी आणि त्याच्या कोटाला ‘आजचे डॉक्टर’ असा बिल्ला लावी. डॉक्टर रोज नवा, अर्डिथ नर्स मात्र अकरा वर्षं तीच.

त्या दिवशी सरकारी आरोग्यविमा वाढवायच्या विधेयकावर मतदान होतं. अर्डिथने धाकट्या बहिणीला, जूनीला, मुद्दाम बरोबर आणलं होतं. जूनी दोन खानावळींत राबायची. काखेत गाठ आली होती, तिचा तुकडा काढून तपासायला हवा होता. पण सरकारी विम्याचं कार्ड मिळण्याइतकी ती कंगाल नव्हती, अन् सवलतीच्या खासगी विम्यासाठी जी किमान कमाई लागते, तेवढी तिची नव्हती. मधल्या मध्ये लोंबकळणाऱ्या अशा लोकांसाठीच ते विधेयक होतं.

दहाच्या सुमारास सिनेटर हार्लन स्ट्राउड छाती चोळत दवाखान्यात आले. विरोध करणाऱ्यांचे म्होरके तेच.

“सिस्टर, बघ गं जरा. न्याहारीला सॉसेजचा रस्सा चार घास जास्तच झाला.”

हृदयाच्या आलेखाची पट्टी निघाली, रक्त घेतलं गेलं. आजच्या डॉक्टरांनी गुडघे टेकून साहेबांचे घोटेसुद्धा चाचपून पाहिले.

“हृदय ठणठणीत आहे. गॅस धरलाय, बस्स.”

“देवाची कृपा,” साहेब ढेकर देत म्हणाले. “काय आहे सिस्टर, लोकांना एकदा फुकटाची चटक लागली की कणा मोडतो त्यांचा. अन् हो, घशाच्या गोळ्या दे थोड्या. आमच्या हिच्यासाठीही दे एक पाकीट.”

अर्डिथने दोन पाकिटं पुढे केली. “साहेब, माझ्या बहिणीच्या काखेत गाठ आहे. बाहेरच बसलीय. डॉक्टर आहेतच, तर दोन मिनिटं—”

“छे गं, नियम आहे. हा दवाखाना फक्त आमच्यापुरता.” त्यांनी खिशातली वही काढली. “नाव सांग तिचं. प्रार्थनेत घेतो.”

“जूनी.”

त्यांनी नाव लिहून घेतलं. प्रार्थनेच्या बाबतीत साहेबांनी कधी हात आखडता घेतला नव्हता.

दुपारी दोघी बहिणी सभागृहावरच्या पाहुण्यांच्या सज्जात बसल्या. मतदानाआधी पाहुण्यांची ओळख करून द्यायची तिथली रीत. स्ट्राउडसाहेब उठले.

“अध्यक्ष महोदय, सकाळी माझा जीव कंठाशी आला होता. ज्या माउलीने मला सांभाळलं, ती वर बसली आहे. सिस्टर, उभी राहा बरं.”

अर्डिथ जागची हलली नाही. तिने जूनीला कोपराने ढोसलं. “ऊठ.”

“मी? मी काय केलंय, ताई?”

“ऊठ म्हणते ना.”

जूनी उठली, खानावळीतल्या त्याच तेलकट बुटांनिशी. साहेबांनी वर पाहिलं आणि छातीवर हात ठेवून मान लववली. अकरा वर्षांत त्यांनी अर्डिथच्या हातातल्या गोळ्या पाहिल्या होत्या, तोंड नव्हतं पाहिलं. सगळं सभागृह उभं राहिलं. टाळ्या थांबेचनात. जूनी बावरून हात हलवायला गेली तर तो खांद्याच्या वर जाईना. गाठ ओढली गेली, तसा तिने ओठ चावला. खालच्यांना ते लाजणं वाटलं. टाळ्या आणखी वाढल्या.

मग सगळे बसले आणि त्याच हातांनी बटणं दाबली. भिंतीवरच्या फळ्यावर विरोधाचा पहिला लाल दिवा स्ट्राउडसाहेबांचा लागला. विधेयक तीन मतांनी पडलं.

जूनी अजून उभीच होती. “ताई, मला एवढ्या टाळ्या कशाला दिल्या गं?”

“घे,” अर्डिथ तिचा कोट उचलत शांतपणे म्हणाली. “तुझ्यासाठी त्यांनी मंजूर केलं ते एवढंच.”

आणि दुखरा हात आधी घालून तिने तिला कोट चढवला.