तांबड्या झाकणाची बरणी

मित्रांनो, मी जे सांगणार आहे त्यावर तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसणार नाही. नको बसू दे. खऱ्या गोष्टीला साक्षीदार लागत नाही, आणि माझा एकुलता एक साक्षीदार माझ्याच डोक्यावर बसलाय. मी एक जुनी काचेची बरणी आहे. पोट मोठं, गळा आखूड, कडेचा एक टवका गेलेला आणि वर तांबडं पत्र्याचं झाकण. हे झाकण मधूनच खडखडतं. तिकडे लक्ष देऊ नका. वारा आहे.

तुम्ही या घरात नव्या. एक खोकल्याच्या औषधाची बाटली, एक कॉफीची, आणि ती तिसरी, जिला अजून सरबताचा वास येतो. आज सकाळपासून आपल्याला ओसरीवर ओळीनं का मांडून ठेवलंय, ते तुम्हाला ठाऊक नाही. सांगते. पण घाबरायचं नाही. मी घाबरलेय का? मुळीच नाही.

लातूरचा नवा जिल्हा झाला आणि आपल्या घरातल्या शेषेरावांना तिथल्या कचेरीत शिपायाची नोकरी लागली. आज घर हलतंय. दुपारी टेम्पो येईल. तिथं एकच खोली आहे, म्हणून त्यांची मुलगी शिवकन्या सकाळी आईला म्हणाली, “माय, ह्या काचा कामून वागवायच्या? तिथं स्टीलचे डबे घेऊ.” तिची आई गुणाबाई नुसती माझ्याकडे बघत राहिली.

आणि आता गल्लीच्या टोकाला तो आलाय. “काऽऽच, पत्रा, मोऽऽड!” तो माणूस काच तशीच नेत नाही, मित्रांनो. पोत्यात जास्त मावावी म्हणून हातोडीनं फोडून नेतो. खळ्ळ! ऐकलंत? हे पहिलं घर. आपलं चौथं.

तर, तोवर माझी गोष्ट.

माझा जन्म भट्टीतला. ती भट्टी इतकी तापलेली असायची की सूर्य सकाळी तिच्याकडे विस्तव मागायला यायचा. तिथून मी अहमदपूरच्या एसटी स्टँडजवळ ईश्वरप्पांच्या दुकानात आले. माझ्यात लिमलेटच्या गोळ्या असत. माझा एवढा बोलबाला होता की एकदा एका ड्रायव्हरनं उदगीरला निघालेली भरली गाडी दुकानाला वळसा घालून नेली, नुसती मला बघायला. हे झाकण पुन्हा खडखडलं. वारा, दुसरं काय!

पण खरं सांगू? दुकानात माझा जीव टांगणीला असायचा. गिऱ्हाइकाचं कोपर, पोराची उडी, मांजराची शेपटी, काहीही पुरे. एकदा वजनाचं माप कलंडलं आणि कडेचा टवका उडाला. तशीच एक टवका गेलेली दुसरी बरणी माझ्या शेजारी होती, त्याच भट्टीतली, हिरव्या झाकणाची. गुणाबाई तेव्हा ईश्वरप्पांकडे धान्य निवडायला येई. ते म्हणाले, “गुणाबाई, दोन्ही घेऊन जा. कड संभाळ, हात कापंल.” अशा आम्ही दोघी या घरी आलो. ती दुसरी फार दिवस टिकली नाही. तिचं नाव कशाला काढा!

गुणाबाईच्या हातात बरणी रिकामी राहत नाही. आधी माझ्यात काराळ्याची चटणी आली. ती संपली तशी राख आणि कडुलिंबाचा पाला घालून दोडक्याचं, गवारीचं बी भरलं. लाटणं मोडलं तेव्हा तिनं मलाच आडवी करून पोळ्या लाटल्या. मला पाण्यानं भरून पितळी थाळीत पालथी ठेवली, की कोंबडीच्या पिल्लांचं पाणपात्र तयार. ती पितील तसतसं माझ्यातलं पाणी आपोआप खाली उतरे. आणि विंचू! चुलीमागून निघाला होता. केवढा? खेकड्याएवढा. नाही, घोरपडीएवढा. गुणाबाईनं मला त्याच्यावर पालथी घातली आणि तो आतून नांगी आपटत राहिला. टक्‌. टक्‌. टक्‌. मित्रांनो, आपल्या पोटात कुणी नांगी आपटतंय, ही काय चीज असते ते तुम्हाला कळायचं नाही.

खळ्ळ! दुसरं घर झालं.

त्याहून वाईट सांगते. एका बाटलीच्या बुडाभोवती गुणाबाईनं रॉकेलमध्ये भिजवलेला दोरा गुंडाळला, पेटवला आणि बाटली गार पाण्यात बुडवली. टप्पकन बूड सुटलं. वरच्या भागाची दिव्याला काच झाली. उजेड छान पडायचा. पण तिला बूड नाही, हे मला रोज दिसायचं आणि दोऱ्याचं रीळ काढलं की माझ्या अंगावर बाष्प यायचं.

मग तो मोठा दुष्काळ आला. शिवकन्या तेव्हा पाच वर्षांची. आमच्या वस्तीतला आड आटला. गावची पायऱ्यांची बारव मात्र खोल. आमच्या वस्तीच्या बायकांना त्या साली पहिल्यांदा तिथं उतरू दिलं, तेही सगळ्यांच्या मागून. पाणी तळाशी गेलेलं. चाळीस पायऱ्या उतरायच्या, घोटाभर पाण्यात उभं राहायचं आणि वाटीनं घागर भरायची.

घरात गुणाबाईचे सासरे लिंबाजी बाजेवर पडून होते. त्यांच्या पोटरीतून नारू निघत होता. पांढऱ्या दोऱ्यासारखा जिवंत किडा. तो काडीवर गुंडाळायचा, रोज बोटभर. तुटला तर पाय सुजून माणूस कायमचा लंगडा. लिंबाजी ओरडत नसत. दातात टॉवेल धरत. शिवकन्या उंबऱ्यात बसून ती काडी बघायची आणि मग हळूच स्वतःची पोटरी चाचपायची.

“माय, माझ्याबी पायात निघंल का?”

गुणाबाईनं तिला उंबऱ्यातून उचलून आत नेलं. दवाखान्याचा माणूस येऊन सांगून गेला होता, की बारवेच्या पाण्यात बारीक किडे असतात, पाणी दुहेरी कपड्यातून गाळून प्या. बायका हसल्या होत्या. पाणी गार, गोड, तळ दिसेल असं निवळ. त्यात किडे? घरोघरी भांडी मातीची, पितळेची, तांब्याची. कशातूनच आरपार दिसत नाही. मग दिसणार कुणाला?

त्या दिवशी सकाळी गुणाबाई फळीपाशी येऊन उभी राहिली. तिनं आम्हा दोघींकडे पाहिलं आणि मला उचललं. हो, मलाच! खडखडू नका, झाकणराव.

खळ्ळ! तिसरं. जवळ आला.

भरभर सांगते. बारवेच्या तळाशी तिनं मला बुडवलं, भरलं, वर आणून उन्हासमोर धरलं. पाणी काचेसारखं स्वच्छ. पण बघता बघता त्यात पांढरे ठिपके दिसायला लागले. सुईच्या टोकाएवढे. आणि ते उड्या मारत होते. एक इकडे, एक तिकडे. काठावर बसलेल्या बायका उठल्या. साहेबराव पाटलांच्या घरची सरजाबाई सगळ्यांत पुढे होती.

“काय दाखवून राहिलीस गं गुणे?”

“बघा सरजाबाई. हे पितो आपण.”

“आतापतूर काही नव्हतं. तुम्ही उतरलात अन् किडे आले व्हय? वरून आमच्या बारवंला नावं ठेवती!”

चहूकडे कुजबुज उठली. मित्रांनो, हातोडीची भीती वेगळी आणि माणसं एकदम जवळ सरकतात ती वेगळी. उद्यापासून वस्तीला पाणीच बंद झालं असतं. माझ्यातलं पाणी हलत होतं. पण गुणाबाई मागं सरली नाही.

“बाई, आमचा आड आटायच्या आधीच तुमच्या थोरल्याच्या पायाला नारू झालाय,” ती म्हणाली. “तो काय आमच्यामुळं झाला? किडा जात बघत न्हाई. थांबा, अजून एक दाखवते.”

तिनं मला रितं केलं, पदर दुहेरी करून माझ्या तोंडावर ताणला आणि घागरीतलं तेच पाणी त्यातून ओतलं. पुन्हा उन्हासमोर धरलं. एकही ठिपका नाही. तोच, रागानं म्हणा की लाजेनं, सरजाबाईनं फटकन हात मारला. मी निसटले.

आता ऐका! मी पहिल्या पायरीवर पडले, टण्‌! दुसरीवर, टण्‌! अशा चाळीसच्या चाळीस पायऱ्या गडगडत गेले, पाण्यात बुडाले, बुडातल्या बेडकाला रामराम केला आणि तोंड वर करून तरंगत आले. ओरखडा नाही! गुणाबाईनं मला छातीशी धरलं. दुसऱ्या दिवशी भल्या सकाळी सरजाबाई एकटीच आमच्या दारात उभी. खाली मान घालून विचारते, “गुणे, कपडा किती पदरी धरायचा गं?” तेव्हापासून दोन्हीकडच्या घागरींवर कपडे आले. पुढच्या साली या घरात कुणाच्या पायात नारू निघाला नाही. शिवकन्येचे दोन्ही पाय धड आहेत, बघा, ती दाराकडे धावतेय.

तो आला, मित्रांनो. पोतं टेकवलं. हातोडी मुठीत आहे.

“बाई, बरण्या-बाटल्या काढा. वजनावर घेतो.”

शिवकन्येनं माझ्या गळ्याला हात घातला. मी... नाही, मी घाबरले नाही. थोडं बाष्प आलं एवढंच.

“शिवे! त्या तांबड्या झाकणाला हात लावू नकोस.” गुणाबाई आतून धावत आली. “ते माझ्या मांडीवर येणार हाय लातूरपतूर. तुझे पाय त्याच्यामुळं हायत.”

“अन् ह्या बाटल्या?”

“राहू दे. हळदीला, मिठाला होतील. तो गंजका डबा दे त्याला.”

ऐकलंत? माझ्यामुळं तुम्हीसुद्धा वाचलात! तेव्हा मित्रांनो, काचेची वस्तू टाकण्याआधी एकदा उन्हासमोर धरून बघावी. ती अजून काहीतरी दाखवू शकते. गारठ्यात तिच्यात एकदम कढत पाणी ओतू नये, आणि कडेला टवका गेला म्हणून तिला...

“पण मावशी,” ती खोकल्याची बाटली मध्येच म्हणाली, “चाळीस पायऱ्या दगडाच्या, मग तुझ्यावर ओरखडा कसा न्हाई?”

मी उत्तर जुळवत होते. तेवढ्यात वारा नसताना माझं झाकण खडखडलं.

“बास कर आता,” ते म्हणालं. “चाळीस म्हणं! तिसऱ्याच पायरीवर ठिकऱ्या झाल्या. मी बाईच्या मुठीत होतो, बघितलंय मी. उन्हं उतरंपतूर ती एकेक काच वेचत होती, कुणाच्या पायात जाऊ नये म्हणून. अन् ती बरणी तू नव्हतीस. तुझ्या शेजारची थोरली होती, माझी बरणी. बाईनं त्या सकाळी आधी तुलाच उचललं होतं, तर तुझं हिरवं झाकण काही केल्या फिरंना. असं घट्ट धरून बसलीस भ्यानं, की मागून विळ्यानं उचकटावं लागलं, अन् ते वाकडं झालं. म्हणून मला तुझ्यावर बसवलं. बाई आता काय म्हणली? तांबडं झाकण म्हणली. मी खोटं बोलत असंल तर सांग ह्या लेकरांना, दहा वर्षं झाली, तुझ्या गळ्यावर मी असा सैल का बसलोय?”