शिंगासारखी तासलेली पानं

२००२ साली कळंबच्या फुलांच्या प्रदर्शनात चांगदेवकाकांच्या अननसाच्या कुळातल्या ब्राझिली झाडाखाली ‘विलायती घायपात’ अशी पाटी लागली, आणि जुन्नरहून आलेल्या परीक्षक मॅडम फिसकन हसल्या. बॉटनी शिकलेल्या त्यांच्या पुतणीला, प्रज्ञाला, ते हसू वर्षभर टोचत राहिलं. २००३ च्या प्रदर्शनाला तिनं ठरवूनच टाकलं, पाटीवर नुसतं कूळ नाही, उपकूळसुद्धा बिनचूक लिहायचं.

अननसाच्या कुळात तेव्हा तीन उपकुळं धरायचे. प्रदर्शनाच्या सकाळी तिनं घाईघाईत पानाच्या कडेवरून बोट फिरवलं. एकदम गुळगुळीत! म्हणजे टिलँडसिओइडी. बिनकाट्यांची पानं, सुकून फुटणारी फळं, पिसं फुटलेल्या बिया. पत्र्यावर ऑइलपेंटनं झोकात लिहून मोकळी झाली.

मग बोट बघितलं, तर तेलकट.

"काका, पानांना तेल कुणी लावलं?"

"जानकूनानानं. लई चकाकतंय, न्हाई का?"

जानकूनाना म्हणजे बेल्ह्याच्या बाजाराआधी गावातल्या बैलांची शिंगं तासणारा माणूस. तो अभिमानानं पुढं झाला. "पावण्यांपुढं असं खरबरीत जनावर कोण उभं करतं? काचंनं कडा तासल्या, तेल चोळलं. शेंड्यांना शिंगावानी तांबडा हिंगूळ बी लावणार व्हतो, काकी नाय म्हणल्या."

"म्हणजे काटे होते?"

"व्हते की! करवतीवानी."

प्रज्ञानं ब्लेड काढलं. एक निळं फूल उभं चिरलं. अंडाशय पाकळ्यांच्या खाली. झालं! हे तर ब्रोमेलिओइडी, खुद्द अननसाचं घर. काटेरी कडा, रसाळ फळ, बियांना पिसं नाहीत.

"मॅडम फाटकात आल्या," चांगदेवकाका कुजबुजले. "ऱ्हाऊ दे गं पोरी. पानं गुळगुळीत, पाटी बी गुळगुळीत. जुळतंय की!"

"जुळतंय, पण खोटंय."

तिनं ओढणीचं टोक रॉकेलमध्ये बुडवून पाटी पुसली आणि नव्यानं लिहिली: ब्रोमेलिओइडी, काटेरी कडा. रंग ओला असतानाच मॅडम पोचल्या. चष्मा लावून वाचलं, पान चाचपलं.

"काटेरी कडा? कुठायत काटे?"

"पानांच्या मधल्या पेल्यात बोट घाला, मॅडम. तिथवर नानांची काच पोचली नसणार."

मॅडमनी घातलं.

"आई गं!" रक्ताचा थेंब चोखत त्यांनी पाटी पुन्हा वाचली. या वेळी हसल्या नाहीत. "ब्रोमेलिओइडीच. बरोबर आहे."

"च्यामारी, तेवढे ऱ्हायले व्हय!" म्हणत जानकूनानानं खिशातनं काच काढली.

प्रज्ञा दोन्ही हात पसरून झाडापुढं उभी राहिली.