आदी

खुशालने कागदावरच्या आपल्या नावावर बोट ठेवलं आणि ते उचललंच नाही.

"हे खोडा, बाई. मले आदीत ठेवा."

दामिनीचं पेन थांबलं. कुरखेड्याजवळच्या आश्रमशाळेत पक्षाचं वार्षिक शिबिर दोन दिवस चाललं होतं आणि वर्तमानपत्राला पाठवायची बातमी दर वर्षी तिनेच लिहायची असे. भाषणं कोणाच्या लक्षात राहत नसत. सगळ्यांचा जीव बातमीच्या शेवटच्या वाक्यात अडकलेला: 'याप्रसंगी अमुक, तमुक आदी उपस्थित होते.' सकाळपासून दहा जण तिच्या टेबलाशी घुटमळून गेले होते. आपलं नाव 'आदी'च्या आधी यावं, एवढंच प्रत्येकाचं मागणं. आदीत गेलेला माणूस आला काय नि न आला काय, सारखंच. आणि हा आपण होऊन तिथे जागा मागत होता.

"मागच्या साली तर तुमीच नाव टाका म्हणे."

"म्हटलं होतं."

मागच्या वर्षी नाव छापून आलं होतं, गावासकट. खुशाल नागपुरे, येरमटोला. अठरा वर्षं पक्षाच्या सतरंज्या उचलल्यावर पहिल्यांदाच. त्याची बायको भागीरथा हिने ते कात्रण भाताच्या खळीने दाराशेजारच्या भिंतीला डकवलं होतं. महिन्याभराने तसंच एक कात्रण तलावावर त्याच्या डोंग्यात सापडलं. नावाखाली लाल रेघ, सोबत चिठ्ठी: पक्ष सोड. जंगलातले बंदूकवाले दुसरी चिठ्ठी पाठवत नाहीत, हे तालुक्यातल्या लेकरालाही ठाऊक होतं. भागीरथाने त्याच दिवशी भिंतीवरचं कात्रण भिजवून खरवडून काढलं.

तरी तो शिबिराला आला होता. जाळ्याचं सूत आणायला वडसाला जातो, असं गावात सांगून. यंदा जिल्हा परिषदेचं तिकीट त्याला मिळेल असं सगळे म्हणत होते. त्याला दोन्ही पाहिजे होतं, तिकीटही आणि जीवही.

जिल्हाध्यक्ष गुणवंतराव घाईने आत आले. बातमीचं पाकीट चारच्या एस.टी.ने कंडक्टरच्या हाती पाठवायचं होतं.

"झालं का?"

"खुशालभाऊ नाव काढा म्हणून राह्यले," दामिनी म्हणाली.

"काऊन?" गुणवंतराव खुशालकडे वळले. "आतल्या गावचा तू एकटाच. पयलं नाव तुझंच राहीन. येरमटोल्यातही आपला माणूस आहे, हे वरच्या लोकाईले दिसलं पायजे."

"चिठ्ठी दाखवली होती तुमाले, भाऊ."

"अशा चिठ्ठ्या येतच राह्यतात. भेऊन राजकारण होते का? पक्ष तुझ्या पाठीशी आहे."

खुशालला त्यांचा राग आला. पहाटे एकट्याने डोंगा पाण्यात ढकलताना पाठीशी कोण असतं, ते त्याला चांगलं माहीत होतं.

दामिनीने कोरा कागद घेतला. पहिलं नाव लिहिलं, गावासकट. मग वर न बघताच तिने गुणवंतरावांना विचारलं,

"तुमच्या नावापुढं येरमटोलाच लिवू ना, भाऊ?"

गुणवंतरावही मूळचे येरमटोल्याचेच. तीन वर्षांपूर्वी चंद्रपूरला घर बांधून गेले. त्यांची म्हातारी आई आशाबाई मात्र धानाच्या बांध्या सोडायला तयार नव्हती. गावातल्या घरात ती एकटीच राहत होती.

"चंद्रपूर लिव."

"सगळ्याईचं मूळ गाव लिवलं. तुमीच सांगितलं होतं."

बाहेर मंडपात कोणीतरी माइक तपासत होतं. हॅलो, हॅलो. गुणवंतरावांनी रुमाल काढून तोंड पुसलं आणि तो परत खिशात कोंबला.

"माय कशी आहे?" त्यांनी खुशालला विचारलं.

"बरी आहे. दिवस बुडाला का कडी लावून घेते आता."

गुणवंतरावांनी दामिनीच्या हातातून पेन घेतलं. खुशालच्या नावावर एक रेघ ओढली, मग तिच्यावरच दुसरी.

"नाव नाई, त्याले तिकीट नाई," ते हळूच म्हणाले. "वर मी काय सांगू?"

"समजते मले."

समजत होतं, तरी खुशालला वाईट वाटलं, फार वाईट. अठरा वर्षं दोन रेघांखाली गेली होती. तो जायला वळला तर दारात मुलचेऱ्याचा भैयाजी उभा. सकाळी नाव घालायला सगळ्यांत आधी आला होता तोच.

"बाई," भैयाजी म्हणाला, "मलेही आदीतच राहू द्या."

पेपर तिसऱ्या दिवशी गावात पोचला. खुशालने तो घरात नेऊन भागीरथापुढे उलगडला. तिला वाचता येत नव्हतं.

"कुठी आहे तुमचं नाव?"

त्याने शेवटच्या ओळीतल्या दोन अक्षरांवर बोट ठेवलं.

"एवढंसंच?"

"आमी लय जण आहो त्यात."

तिने ती अक्षरं नीट बघून घेतली आणि भाताची खळ करायला उठली.

"भिंतीले नको," खुशाल म्हणाला. "पेटीच्या झाकणाले लाव, आतून."

भागीरथाने कात्रण झाकणाला आतून डकवलं, खळ धरेपर्यंत तळहाताने दाबून ठेवलं, आणि मग पेटी लावून घेतली.