गॅसमुळे लागतो

वेगाच्या काट्याखाली इंजिनाच्या आकाराचा एक पिवळा दिवा असतो. आमच्या खोऱ्यात ज्याच्या गाडीत तो लागलेला नाही, त्याच्याकडे लोक जरा संशयानेच बघतात. पेट्रोल परवडत नाही म्हणून घरटी एक तरी गाडी गॅसवर करून घेतलेली आहे. टाकी मागे बसते, जादा चाकाच्या खड्ड्यात. आणि टाकी बसली की दिवा लागणारच, असं इथे सगळे धरून चालतात. का लागतो असं विचारलं की उत्तर ठरलेलं. गॅसमुळे लागतो. हे उत्तर देणाऱ्यांतल्या किती जणांनी गाडीखाली वाकून बघितलंय, ते मी विचारत नाही. माझं डोकं फिरतं.

आमची गाडी म्हणजे इटलीत कोणीतरी वापरून कंटाळलेली. माझ्या नवऱ्याने, नेदेल्कोने, ती आणली आणि सरळ ग्वोझ्देनच्या गॅरेजात नेली. टाकी ग्वोझ्देननेच बसवली. शरद ऋतूत दिवा पहिल्यांदा लागला तेव्हा त्यानेच हातातलं यंत्र गाडीला जोडलं, बटण दाबलं आणि दिवा विझवला. यंत्रावर काय आलं होतं, असं मी विचारलं. तो माझ्याकडे न बघता नेदेल्कोला म्हणाला, "स्तानाला सांग, ही गाडी आहे, कपडे धुवायचं मशीन नाही." दोघं हसले. आठवडाभरात दिवा परत लागला. परत विझवला. परत लागला.

दुसऱ्याकडे दाखवू या, असं मी म्हटलं तर घरात सगळे मी कोणाच्या थोबाडीत मारल्यासारखे माझ्याकडे बघायला लागले. कारण ग्वोझ्देन आमचा कूम, पोराचा धर्मबाप. त्याने माझ्या वुकानला बाप्तिस्म्याच्या वेळी हातात धरलेलं. आमच्यात सख्ख्या भावाशी भांडता येतं, कूमशी नाही. त्याने बघितलेली गाडी दुसऱ्या मेकॅनिककडे न्यायची म्हणजे तू खोटारडा आहेस असं चारचौघांत सांगण्यासारखं. नेदेल्को म्हणाला, "मी त्याला तोंड कसं दाखवू?" तोंडाची काळजी. आत बसणाऱ्यांची नाही.

वुकान तेव्हा चार महिन्यांचा होता. त्याचा खुबा जन्मतःच नीट बसलेला नव्हता, पायांना पट्टे बांधलेले होते, आणि ते सैल-घट्ट करायला आम्हाला सारखं शहरात जावं लागायचं. रस्ता घळीतून जातो, एका बाजूला कडा, दुसरीकडे खाली निशावा नदी. हिवाळ्यात तास-सव्वा तास सहज लागतो.

घरी वुकान चिमणीने पंख झटकला तरी जागा व्हायचा. गाडीत मात्र गावाबाहेरचा पूल यायच्या आत झोपायचा. माझी सासू देसांका खूष. ती म्हणायची, गाडी नाही, पाळणा आहे हा. मीसुद्धा पहिल्यांदा खूष होते, खोटं कशाला बोलू. रात्र-रात्र जागलेल्या बाईला पोर झोपलं की बाकी काही सुचत नाही. पण मग माझ्या लक्षात यायला लागलं की पोहोचल्यावर त्याला उठवावं लागतंय. आधी हाक मारून, मग हलवून, मग गार पाण्याचा हात तोंडावरून फिरवून. उठला की दूध ओकायचा. डॉक्टरीण म्हणाली, कमी पाजा. आणि माझं डोकं, पिपाला लोखंडी पट्टी ठोकून बसवतात तसं आवळलेलं असायचं. घरी परत येऊन तासभर अंगणात फिरलं की उतरायचं.

नेदेल्को एकटा गाडी घेऊन जायचा तेव्हा त्याला काहीच व्हायचं नाही. एकटा असला की तो सिगरेट ओढायचा, खिडकी उघडी ठेवून. देसांका बरोबर असली की खिडकी बोटभरसुद्धा उघडायची नाही. प्रोमायाला ती सैतानाइतकी घाबरते. प्रोमाया म्हणजे एकीकडून घुसून दुसरीकडून निघणारा वारा. तिच्या बहिणीचं तोंड म्हणे त्याच वाऱ्याने वाकडं झालं होतं. भर उन्हाळ्यातही ती बसमध्ये उठून परक्या माणसांच्या खिडक्या लावते. आणि आता तर गाडीत तिचा नातू.

हे सगळं मी मनात जुळवत होते. जुळत होतं. खिडकी बंद असली की गाडीचा धूर आत कोंडत होता.

संत निकोलाच्या दिवशी आमच्या घरी स्लावा असते, घराण्याच्या संताचा सण. उपवासाचा दिवस, मांस चालत नाही, म्हणून मासे. टेबलाभोवती सगळे पुरुष, मी वाढतेय. त्या सकाळीच शहरातून आलो होतो, माझ्या डोळ्यांपुढे अजून काळे ठिपके नाचत होते. मी नेदेल्कोच्या थोरल्या काकांना सगळं सांगितलं. दिवा, डोकं, पोराची झोप, उघडी खिडकी, बंद खिडकी. वाटलं, म्हातारा माणूस आहे, ऐकेल.

काकांनी माशाचा काटा दातांतून काढला. म्हणाले, "म्हणजे सासू गाडीत बसली की सुनेचं डोकं दुखतं. ह्याला मेकॅनिक कशाला हवा?"

टेबल हादरेपर्यंत हसले सगळे. देसांकाही हसली, ओठ आवळून. कोणी म्हणालं, माझा दिवा तर पोरीच्या लग्नापासून लागलेला आहे, पोरीला दोन पोरं झाली. कोणी म्हणालं, हिला परत दिवस गेले असतील, बघा. ग्वोझ्देन कूम म्हणून मानाच्या जागी बसला होता. त्याने प्याला उचलला आणि शांतपणे म्हणाला, "गॅसमुळे लागतो." आमेन म्हटल्यासारखे सगळे प्याले.

दुसऱ्या दिवशी देसांकाने संत निकोलाचं एक चिकटचित्र आणून बरोबर त्या दिव्यावर लावलं. प्रवाशांचा राखणदार. आता दिवा दिसायचा बंद झाला. संताच्या दाढीच्या कडेने थोडं पिवळं दिसायचं, तेवढंच.

डॉक्टरची पुढची तारीख जानेवारीतली. मी म्हटलं, मी बसने जाते. बाहेर बर्फ, बस पहाटे एकच, पोराच्या पायांना पट्टे. देसांका म्हणाली, दारात गाडी असून सून बसने गेली तर गाव काय म्हणेल. नेदेल्को नुसता दुखावलेला चेहरा करून बसला. मी अट घातली. माझ्या बाजूची खिडकी बोटभर उघडी राहील. तो हो म्हणाला.

गाव सुटेपर्यंत राहिली. मग देसांकाने पुढच्या सीटवरून वळून बघितलं आणि म्हणाली, "बाळाच्या मानेवर वारा येतोय. मारायचंय का त्याला?"

नेदेल्को आरशातून माझ्याकडे बघत होता. त्या नजरेत विनंती होती, एका दिवसापुरतं ऐक. मी काच वर केली. माझ्या हाताने.

घळीत शिरलो आणि मधेच सगळ्या गाड्या थांबल्या. पुढे एक ट्रक घसरून आडवा झाला होता. थंडी हाडांत शिरणारी, म्हणून नेदेल्कोने इंजिन चालूच ठेवलं, हीटर पूर्ण. एका बाजूला कड्याची भिंत, पुढेमागे गाड्या, मधे आम्ही. काचांवर वाफ चढली. हलायला जागा नाही.

वुकान माझ्या शेजारच्या त्याच्या खुर्चीत झोपला होता. मी त्याच्या छातीवर हात ठेवला. हलत होती. जरा वेळाने परत ठेवला. हलत होती, पण मधे इतका वेळ जायचा की मी स्वतःचा श्वास रोखून वाट बघायची. त्याचे गाल लालभडक झाले होते, दारावर टांगलेल्या मिरच्यांसारखे.

देसांका वळली. तिचे डोळे जड झाले होते. "बघ कसा गुलाबी झालाय," ती म्हणाली. "माझ्या पोरांना असे गाल कधी नव्हते."

मी हाक मारली. वुकान. पाय हलवला. गाल चिमटला. पापणी उचलली, तर खाली डोळा होता आणि तो कुठेच बघत नव्हता.

मी दाराचा खटका ओढला. उघडेना. मागच्या दारांना नेदेल्कोने मुलांसाठीचं कुलूप लावून ठेवलं होतं, आतून उघडतच नाही. मी त्याला म्हटलं, दार उघड. तो म्हणाला, हं. मी त्याचा खांदा हलवला. तो हसला, दारू प्यायल्यासारखा, आणि म्हणाला, आता सुटेल ट्रॅफिक. माझेच हात माझे नव्हते. बोटं खिडकीच्या दांड्यावर ठेवायची तर बाजूला जायची. कसातरी तो दांडा फिरवला. काच इंच-इंच खाली आली आणि थंड हवा तोंडावर आली.

देसांकाचा हात मागे आला, माझं मनगट धरायला. "प्रोमाया," ती पुटपुटली. मग तो हात मधेच सुटून खाली लोंबला. तिच्याकडे बघायला मला वेळ नव्हता. मी खिडकीतून हात बाहेर काढून बाहेरच्या खटक्याने दार उघडलं, पोराला खुर्चीच्या पट्ट्यातून ओढलं आणि बर्फात पडले.

तो माझ्या हातात ओल्या टॉवेलसारखा होता. मी त्याला बर्फ चोळला. तळपायांवर चापट्या मारल्या. तोंडात फुंकलं. आजूबाजूच्या गाड्यांतले लोक काचांमधून बघत होते, एक वेडी बाई पोराला मारतेय. मग त्याची छाती एकदम वर आली आणि त्याच्या तोंडून मांजरासारखा बारीक आवाज आला. रडणं नव्हे. आवाज. पण मी तेवढ्यावर उभी राहिले आणि ओरडत सुटले. मागच्या गाडीतल्या माणसांनी नेदेल्को आणि देसांकाला बाहेर ओढलं. म्हातारी शुद्धीवर नव्हती.

रुग्णवाहिका शहराच्या बाजूने आली. इस्पितळात वुकानच्या पायाच्या अंगठ्याला प्राणवायू मोजायचा चिमटा लावला. डॉक्टर तरुण होता, म्हातारीला त्याने बघितलंच नव्हतं, तिला दुसरीकडे नेलं होतं. त्याने आकडा बघितला, उत्तम आहे म्हणाला. प्राणवायू भरपूर, पोर थकलंय, आई घाबरलीय. नेदेल्को तोपर्यंत पायांवर उभा राहिला होता, भिंतीला धरून. आकडा ऐकल्यावर त्याचा चेहरा सुटला. तो मला म्हणाला, "बघितलंस? ठीक आहे तो."

मी आयुष्यभर लोकांचं ऐकलेली बाई आहे. सासूचं, काकांचं, कूमचं. त्या क्षणी मला कळलं की आता हेही ऐकलं तर माझं पोर ह्या पलंगावर छान आकड्यासकट मरेल.

"रक्त काढा," मी म्हटलं. "गाडीत धूर होता. रक्त काढल्याशिवाय मी इथून हलणार नाही. ओढून बाहेर काढायचं तर माणसं बोलवा."

त्याने काढलं. मला गप्प करायला काढलं, दुसऱ्या कशाला नाही. निकाल आला तेव्हा तो चालत नव्हता, धावत होता. त्या चिमट्याला चांगला प्राणवायू आणि विषारी वायू यांतला फरकच कळत नाही, हे त्याने मला नंतर सांगितलं, जमिनीकडे बघत. वुकानच्या तोंडावर मुखवटा बसवला, त्याच्या तोंडापेक्षा मोठा. देसांकालाही. नेदेल्कोलाही. मलाही.

गाडी नंतर शहरातल्या एका मेकॅनिकने उचलून बघितली. इंजिनापाशी धुराची नळी तडकलेली होती, म्हणून तो दिवा लागत होता. आणि मागे तीच नळी गंजून फाटलेली, बरोबर गाडीच्या तळातल्या त्या भोकाखाली, जे गॅसची नळी आत घ्यायला पाडलेलं होतं आणि बुजवलेलंच नव्हतं. भोक वुकानच्या खुर्चीखाली होतं. गॅसच्या धुराला पेट्रोलसारखा वास येत नाही.

ते भोक ग्वोझ्देनने पाडलेलं. तो इस्पितळात आला, संत्री घेऊन. दारात उभं राहून म्हणाला की दिवा आणि भोक ह्यांचा संबंध नाही, दिवा आपला गॅसमुळेच. मी त्याला म्हटलं, जा. आमच्यात कूमला कोणी जा म्हणत नाही. नेदेल्कोने मान खाली घातली, पण मला थांबवलं नाही.

आम्हाला घरी सोडलं. डॉक्टर म्हणाले, पोर वाचलं. मी विचारलं, डोकं? ते म्हणाले, मेंदूचं आत्ता सांगता येत नाही. कधी बसतो, कधी बोलतो, आवाजाकडे वळतो का, बघत राहा.

तर मी बघत राहते. रोज सकाळी कॉफीची भांडी काढते आणि त्याच्या डोक्यामागे जाऊन पितळी भांड्यावर चमचा वाजवते. तो वळतो. बहुतेक वेळा. नेदेल्को तेवढ्यापुरता मोजे घालायचा थांबतो. देसांका अजून काठी घेऊन चालते, खोलीत येत नाही, दाराच्या पलीकडून ऐकत असते.

आज वाजवलं तेव्हा तो छताकडे बघत होता. बघतच राहिला. मी परत वाजवलं. बाहेर काठी जमिनीवर टेकल्याचा आवाज आला. मी तिसऱ्यांदा वाजवलं, जोरात, भांडं हातातून सुटेल इतकं जोरात. तेव्हा त्याने हळूहळू मान वळवली.

"वळला का गं?" देसांकाने दारामागून विचारलं.

वळला, मी म्हटलं. कितव्यांदा, ते तिने विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. नेदेल्को मात्र माझ्याकडे बघत बसला होता, एक मोजा पायात, एक हातात.