नेदासाठी मांडव

दोच्काने यंदा पदरच खोचला होता म्हणा ना! दरवर्षी तिची लेक नेदा स्पेनहून यायची, दोन दिवस तापलेल्या खोल्यांत घाम पुसत काढायची आणि तिसऱ्या दिवशी आपल्या पोरीला घेऊन बसने समुद्रावर पळायची. उरलेली सगळी सुट्टी तिकडेच. "आई, इथे धड बसायलासुद्धा जागा नाही गं," असं ती गेल्या वर्षी सहज बोलून गेली, आणि ते दोच्काच्या काळजात रुतलं. जागा नाही म्हणते काय! थांब, जागाच करून दाखवते!

तशी जागा होती की घरामागे. पण तिथे फुटकी कौलं, गंजके डबे आणि कंबरेएवढं रान माजलेलं.

"या वयात कसली थेरं सुचतात तुला?" तिचा नवरा मिन्चो करवादला.

"तू नुसते खड्डे खण. तोंड चालवायला मी आहे."

दोन दिवस तो कुरकुरला. तिसऱ्या दिवशी दोच्का उठून बघते तर स्वारी तिच्याआधीच फावडं घेऊन परसात! मग काय, दोघांच्या अंगात संचारलंच. भाजी पिकवायच्या बंद पडलेल्या काचघराचे पाइप भंगारवाल्याने घरी गाळलेल्या राकिया दारूच्या दोन बाटल्यांवर दिले. त्यांचा मांडव उभारला आणि भिंतीवर लोळणारा द्राक्षवेल उचलून त्याच्यावर चढवला. गळकं पिंप मधोमध कापलं, दोन्ही तुकडे पालथे घालून वर गोठ्याचं जुनं दार टाकलं, झालं मेज! सासूबाईंचा पलंग मोडून ऐसपैस बाक केला. लग्नात आलेली लोकरीची गादी दोच्काने उसवली, लोकर धुतली, काठीने झोडपली, उन्हात वाळवली आणि गुबगुबीत उशा शिवल्या. त्यांवर आईने विणलेली लालभडक कापडं. बघतच राहावं असं झालं सगळं! पैसा म्हणाल तर खिळ्यांचा काय तो खर्च.

आणि मग बाईसाहेबांनी काय करावं? प्लास्टिकसारख्या पारदर्शक नायलॉनचा गुंडाळा आणून सगळं झाकून टाकलं. "पाहुणे येईस्तोवर कुणी टेकायचं नाही!" मिन्चो आपला पायरीवर बसून राकिया पीत राहिला. घरातली चांगली खोली पाहुण्यांसाठी बंद ठेवायची ही रीत त्याच्याही लहानपणापासूनची.

नेदा आली आणि मागच्या दारात थबकली. "अगं आई! हे तुम्ही दोघांनी केलं?"

दोच्काला आनंदाने काय करू नि काय नको झालं. "बस ना, बस! फक्त ते नायलॉन काढू नकोस हं, मळेल."

नेदा बसली. नायलॉन मांड्यांना चिकटलं, पाठीला घाम सुटला, आणि थोड्याच वेळात ती उठून घरात गेली. दुसऱ्या दिवशी तर ती मागे फिरकलीच नाही. तिसऱ्या दिवशी तिची बॅग दाराशी उभी होती. बस जेवणानंतरची.

तेवढ्यात नात बिल्यानाने नायलॉनचं टोक उचलून खालच्या लाल उशीवर बसकण मारली, आणि हातातला चेरीचा रस सांडला.

"अगं कार्टे!" दोच्का किंचाळली. पोर मुसमुसायला लागली.

नेदाने तिचा हात धरला. "चल बाळा, आपण फाटकाशी जाऊन थांबू."

मिन्चोने ग्लास खाली ठेवला. "दोच्के, कुणासाठी झाकून ठेवलंयस हे? ज्यांच्यासाठी केलंस त्या तर निघाल्या."

दोच्काने फाटकाकडे निघालेल्या मायलेकींकडे पाहिलं. मग तिने पुढे होऊन नायलॉन ओढलं. टराटरा फाडलं, एका उशीवरचं, दुसरीवरचं, बाकावरचं! "बस गं माझी सोनी, कुठेही बस! सांड, अजून सांड! आजीच वेडी आहे तुझी!"

बिल्याना हुंदका देता देता खिदळली. नेदाही हसली आणि बाकावर आडवी झाली. "बस येईपर्यंत पाठ टेकते जरा."

टेकली ती झोपलीच. तिकडे स्पेनमध्ये ती रात्रपाळीत म्हाताऱ्यांची सेवा करायची. डोळ्यांखालची काळी वर्तुळं दोच्काने आत्ता नीट पाहिली. पानांची सावली लेकीच्या तोंडावर हलत होती.

एवढ्यात बसचा हॉर्न वाजला. गप्प बसावं, जाऊ द्यावी बस, असं दोच्काला किती वाटलं! पण झोपेत फसवून ठेवलेली लेक काय कामाची? ती जड मनाने वाकली.

"नेदा, ऊठ गं. बस आली."

"जाऊ दे ना आई," नेदा डोळे न उघडताच पुटपुटली आणि उशी कवटाळून कुशीवर वळली.

दोच्का फाटकाकडे धावत सुटली आणि दोन्ही हात हवेत नाचवत ड्रायव्हरला ओरडून सांगू लागली, "जा बाबा, जा! इथून कुणी येत नाही!"

"हळू ओरड, बये," मागून मिन्चो म्हणाला. "उठेल ना ती!"