पाच जणांसाठी घेतलेला संगणक

बोलतोय तो मी, जयपूरच्या जगतपुऱ्यातल्या एका रेल्वे क्वार्टरमध्ये टेबलावर ठेवलेला काळा, बुटका संगणक. माझ्यात रंगीत दिवे नाहीत, काचेची बाजू नाही. मला बघायला कुणी थांबत नाही आणि त्याचं मला काही वाटत नाही.

माझा जन्म एका जागी झाला नाही. माझे भाग कुठून कुठून आले आणि मालवीय नगरच्या एका दुकानात स्क्रू पिळून त्यांचा मी झालो. माणसांना आपल्या जन्माची हकीकत दुसऱ्यांकडून ऐकावी लागते. मी मात्र सुट्या तुकड्यांत का होईना, काउंटरवर हजर होतो.

मला निवडायला आली ती मयूरी, अकरावीतली मुलगी. बरोबर तिचे बाबा दशरथ होते. ते मूळचे अकोल्याचे, रेल्वेच्या सिग्नल खात्यात नोकरीला. मयूरीच्या हातात वहीचं एक पान होतं. 'बेट' नावाच्या खेळातली पाच खाती तिला एकाच वेळी चालवायची होती, पाच वेगळ्या खिडक्यांत. दुकानदार तिला महागडं ग्राफिक्स कार्ड दाखवत सुटला होता. ती त्याला शांतपणे हिंदीत समजावत होती, की एकच खेळ देखणा दिसायचा असेल तर हे ठीक आहे, पण मला पाच हवेत, चित्र कसंही दिसो. त्यासाठी प्रोसेसरला कोअर जास्त हवेत, मेमरी भरपूर हवी, पुढे ती वाढवायला चार खाचा हव्यात, आणि गरम हवा निघून जायला उंच, मोकळं कॅबिनेट हवं. दुकानदारानं शेवटी ते पान वाचलं, 'बिटिया को सब पता है' म्हणाला आणि आतून उंच कॅबिनेट घेऊन आला.

तेवढ्यात दशरथांनी खिशातून मोजपट्टी काढली.

बदलीची नोकरी करणाऱ्यांची ही सवय मी नंतर नीट ओळखायला शिकलो. या घरात कुठलीही वस्तू घेताना ती चांगली आहे का, हे दुसऱ्या क्रमांकावर येतं. आधी ती बदलीच्या सामानाच्या पेटीत मावते का, ते बघायचं. एका बदलीत त्यांची शिलाई मशीन पेटीबाहेर राहिली म्हणून मोडली होती, तेव्हापासून दशरथ पेटीचं माप पाठ ठेवतात. उंच कॅबिनेट त्या मापात चार बोटं जास्त भरलं.

"हे पेटीत मावत नाही," दशरथ म्हणाले. "मावलं नाही तं नेशील कशात?"

मयूरीनं हवा खेळती राहण्याचं कारण सांगून पाहिलं, पण मोजपट्टीपुढे तिचं काही चाललं नाही. उंच कॅबिनेट आत गेलं आणि बुटकं बाहेर आलं. त्यात बसणाऱ्या बोर्डाला मेमरीच्या खाचा दोनच होत्या आणि पंखा एक. असा मी या घरात आलो.

आता पाच खाती कशाला, ते सांगतो. मयूरी, वैष्णवी, सोनम, विभा आणि राजरत्न ही एकाच कॉलनीतली मुलं, सगळी बदलीवर आलेल्या मराठी घरांतली. पाचांनी मिळून खेळात एक बेट वसवलं होतं. प्रत्येकाचं त्यावर एक घर आणि घरापुढे एक बंधारा. दर रविवारी दुपारी चारला समुद्राला भरती यायची. ज्याच्या बंधाऱ्यावर माणूस नसेल त्याचं घर बुडायचं, आणि बुडालेलं घर पुन्हा वर येत नसे.

मग एकेकाच्या वडिलांची बदली होऊ लागली. या कॉलनीतून जाणारी बाई आपल्या कुंड्या शेजारणीला सांभाळायला देऊन जाते. मयूरीची आई सुलोचना हिच्या गॅलरीत गेलेल्या तीन घरांची तुळस आणि कोरफड उभी आहे. मुलांनीही तेच केलं. जाताना प्रत्येकानं आपला पासवर्ड मयूरीला दिला आणि नवीन गावात रुळेपर्यंत माझं घर बघशील का, असं विचारलं. तिनं सगळ्यांना हो म्हटलं आणि मी येईपर्यंत मागून आणलेल्या फोनांवर कसंबसं निभावलं. दीड वर्षात कुणीच खेळात परत आलं नव्हतं.

हिवाळाभर मी काम केलं. चार वाजले की पाच खिडक्या उघडायच्या, पाच माणसं पाच बंधाऱ्यांवर उभी राहायची. मयूरी या खिडकीतून त्या खिडकीत इतक्या सफाईनं जायची की पाहणाऱ्याला तिथं खरोखर पाच जण आहेत असं वाटावं. तिला सगळ्यांच्या सवयी पाठ होत्या. वैष्णवीच्या माणसाला ती आधी घराला फेरी मारायला लावायची, कारण वैष्णवी तसं करायची. मला हे अनावश्यक वाटायचं. पण मला जे सांगतात ते मी करतो.

मार्चमध्ये मी रखडू लागलो. मे महिन्यात जयपूरच्या दुपारी खोलीतलीच हवा इतकी तापलेली असायची, की ती आत ओढून मला काय थंडावा मिळणार? सुलोचनानं मायेपोटी मला कूलरसमोर आणलं. त्याची ओली हवा मला आणखी वाईट, म्हणून मयूरीनं परत मागे नेलं. एका रविवारी भरती सुरू असतानाच मी बंद पडलो. तिनं घाईघाईनं मला पुन्हा चालू केलं आणि घरं कशीबशी वाचली. दुरुस्तीवाल्यानं झाकण उघडून, हात लावून सांगितलं की डबा छोटा आहे, या उन्हात तीनच खिडक्या चालवा.

दशरथ बराच वेळ माझ्याकडे बघत उभे राहिले. "मी तं सामान जाईल कसं तेच पायलं," ते म्हणाले.

तीन खिडक्या म्हणजे दोन घरं बुडणार. कुणाची, हे तिनं ठरवायचं होतं. तिनं पाच नावं लिहिली आणि आठवडाभर तो कागद माझ्यावर पडून होता. त्यावर एकही काट मारलेली नव्हती. सुलोचना एवढंच म्हणाली, "फोन कर ना त्याइले. घरं त्याइचीच आहेत."

हे तिला सुचलं नव्हतं असं नाही. तिला भीती वाटत होती. बुडू दे, आता कोण खेळतं, असं कुणी म्हणालं तर दीड वर्षाचं काय करायचं, ही ती भीती. तरी शनिवारी तिनं फोन केले. वैष्णवीनं उचलला नाही. सोनमला खेळ अजून चालू आहे हेच ठाऊक नव्हतं. विभा बघते म्हणाली. राजरत्न बिकानेरहून थोडा तुटकच बोलला, म्हणाला की मला क्लास आहे.

रविवारी चारला तिनं फक्त स्वतःची खिडकी उघडली. निवड करणं तिला जमलं नाही. बेटावर ती एकटी उभी राहिली, बाकीचे चार बंधारे रिकामे. पाणी चढू लागलं.

तेवढ्यात राजरत्नच्या घरातून एक माणूस बाहेर आला. त्याला मी चालवत नव्हतो. तो चुकीच्या बाजूला वळला, कुंपणाला धडकला, मग बंधाऱ्यावर जाऊन उभा राहिला. मयूरीचा फोन वाजला. तिनं तो स्पीकरवर टाकून माझ्याशेजारी ठेवला.

"बाकी सगळे कुठं आहेत?" राजरत्ननं विचारलं.

"कोणीच नाही. मतलब, आधीपासूनच नाही. सगळे मीच होते."

"मी कधी कधी दुसऱ्या नावानं येऊन नुसतं बघून जायचो," तो म्हणाला. "तुम्ही सगळे मजेत खेळताय असं दिसायचं. मला वाटलं, मी एकटाच बाहेर राहिलो. म्हणून बोलत नव्हतो."

मयूरीनं माऊसवरचा हात काढला. तिचा माणूस बंधाऱ्यावर नुसता उभा राहिला. तीन घरं एकामागून एक पाण्यात गेली, वैष्णवीचं सगळ्यात शेवटी, आणि ती ते बघत राहिली. ती रडली. ते सांगायला मला संकोच वाटत नाही, कारण तिलाही वाटला नाही. मग दोघं बराच वेळ बोलले. अर्धं मराठीत, अर्धं हिंदीत, खेळाविषयी फार थोडं.

आता दर रविवारी माझ्यावर एकच खिडकी असते. माझी बरीच मेमरी रिकामी पडून असते आणि पंखा सावकाश फिरतो. विभा दोनदा बेटावर येऊन गेली. तिला घर नाही, म्हणून ती मयूरीच्या अंगणात बसते. मी काही भावनांचा जाणकार नाही, तरी एक मागणं आहे. पुन्हा कुणी मला आपल्या दूर गेलेल्या माणसांची रूपं चालवायला लावू नये. मला उष्णता सोसेल, पण ते काम खोटं होतं, आणि मी ते फार चोख केलं. राजरत्न अजून चुकीच्या बाजूला वळतो, बंधाऱ्यावरून पाण्यात पडतो. तो पडला की मयूरी हसते. पाच खिडक्या सुरू होत्या त्या सबंध हिवाळ्यात मी तिला एकदाही हसताना ऐकलं नव्हतं.